हार एक की बांगड्या दोन?

एकच भारी दागिना घ्यावा की त्याच पैशात चार-सहा हलके घ्यावेत, हा प्रश्न आपल्या घरांत बहुतेक वेळा रुखसतीच्या महिनाभर आधी उभा राहतो आणि तेव्हा तो कुणालाच शांतपणे सोडवता येत नाही. मुलीची आई एक सांगते, मुलगी दुसरे. आत्या-खाला तिसरे सांगतात. सराफाला विचारावे तर तो भारीच घ्या म्हणणार. आमच्या घरात 2025 साली हेच झाले. भाचीचा निकाह मे महिन्यात होता. दागिन्यांसाठी आपाने बाजूला ठेवलेली रक्कम होती अडीच लाख, पै-पै जमवलेली. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅम शुद्ध सोन्याने लाखाचा आकडा ओलांडला आणि त्या अडीच लाखांचा अर्थच बदलून गेला.

आपाचे म्हणणे, एक हार करू. गळ्यात दिसला पाहिजे. भाचीचे म्हणणे, "खाला, हार मी वर्षातून किती वेळा घालणार? मेहंदी, हळद, निकाह, वलीमा, चार दिवस चार जोडे. प्रत्येकावर तोच हार का?" तिला मेन रोडवरच्या दुकानातले एक ग्रॅमचे सेट हवे होते. पितळ-तांब्यावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेला माल. आपण त्याला सरसकट बेंटेक्स म्हणतो. आंध्रात मछलीपट्टणमजवळ चिलकलपुडीला हा धंदा कित्येक पिढ्या चालू आहे, तिथे त्याला रोल्डगोल्ड म्हणतात. हजार-बाराशेत असा सेट येतो की फोटोत सराफालासुद्धा फरक सांगता येऊ नये.

मी उर्दू-मराठी शिकवते, गणित नाही, तरी कागद घेऊन बसले. तेव्हा आमच्याकडे बावीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला साधारण 92 हजार धरून चालत होते. नक्षीकामाच्या हारावर घडणावळ 12 टक्के आणि वर 3 टक्के जीएसटी. या हिशेबाने अडीच लाखात साडेतेवीस ग्रॅमचा हार बसतो. त्यात सोने आहे 2 लाख 16 हजारांचे. उरलेले 33 हजार दुकानाची पायरी उतरताच गेले, ते मोड देताना परत येत नाहीत. शिवाय घट धरली तर आणखी थोडे.

आता तेच पैसे हलक्या दागिन्यांत घातले तर? कानातले, अंगठ्या, नाजूक चेन यांवर घडणावळ 18 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते. वीस धरली तर सोने येते बावीस ग्रॅम. म्हणजे फरक दीड ग्रॅमचा, चौदा हजारांच्या आसपास. चौदा हजार म्हणजे कमी नाहीत, पण "हलके घेतले की पैसे पाण्यात" असे जे आपल्याला ऐकवले जाते तेवढा तो फरक नाही. हलक्या दागिन्यांची खरी अडचण वेगळीच आहे. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्तीच नाही. कुंदन-पोलकीच्या जडावाच्या कामालाही नाही. बारीक फुले आणि अंगठ्या जितक्या जास्त, तितका भरवसा दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर. खड्यांचे वजन सोन्याच्या भावात धरले आहे का, हेही प्रत्येक नगामागे वेगळे विचारावे लागते. आणि लग्नाच्या घाईत कोण विचारते?

हा झाला पैशांचा हिशेब. माझ्या मनात मात्र नानीचे एक वाक्य फिरत होते. नानी शेवगावकडची, अक्षरओळख नसलेली. ती म्हणायची, "गलेका पेटीमें जाता, हातका हातमें रहता." लहानपणी मला वाटायचे की ती चोरांबद्दल बोलते आहे. ती बोलत होती घरच्याच माणसांबद्दल. भारी हार हा रोज घालायचा दागिना नव्हे. वलीमा झाला की तो उतरतो आणि कुणीतरी मायेने म्हणते, "दे बेटी, जपून ठेवते." कपाट कुणाचे, किल्ली कुणाकडे, बँकेचा लॉकर कुणाच्या नावावर, हे त्यानंतर कधी निघत नाही. निघते तेव्हा फार उशीर झालेला असतो. हातातल्या बांगडीचे तसे नाही. ती दिवसरात्र अंगावर असते. पीठ मळताना असते, वजू करताना असते. ती मागायची तर तोंडाने मागावी लागते.

72च्या दुष्काळात नानीचे चांदीचे तोडे गेले, वजनावर गेले, नक्षीला कुणी विचारले नाही. सोन्याच्या चार बांगड्या मात्र तिने राखल्या आणि अम्मीला दिल्या. अम्मीने त्या एकेक करून मोडल्या. एक अब्बांच्या ऑपरेशनला गेली, एक घराच्या स्लॅबला. उरलेल्या दोन 2004 साली माझ्या बीएडच्या फीला आणि वसतिगृहाला. तेव्हा सोने दहा ग्रॅमला सहा हजारांच्या आसपास होते. आजच्या भावाने पाहिले तर वाटावे, केवढे नुकसान! पण त्या दोन बांगड्यांवर मी वीस वर्षे पगार घेते आहे, त्यामुळे हा हिशेब मी कुणाला मांडू देत नाही. सांगायचे ते इतकेच की हार असता तर तो स्लॅबच्या वेळीच अख्खा मोडला गेला असता. अर्धा हार विकता येत नाही. फार तर गहाण टाकता येतो आणि गहाण टाकलेले आमच्या वस्तीत सुटून आलेले मी कमीच पाहिले. व्याजाचा प्रश्न आणखी वेगळा.

दागिना अडीनडीला कामाला येतो ही गोष्ट आपल्याकडे आजची नाही. बद्रच्या लढाईनंतर हजरत जैनब यांनी कैदेतल्या पतीच्या सुटकेसाठी जो हार पाठवला तो त्यांच्या आईचा, हजरत खदीजा यांचा होता. तो पाहून प्रेषितांचे मन भरून आले आणि सहाबांनी कैदीही सोडला, हारही परत केला. दुसरीकडे हजरत आयेशा यांचा जो हार प्रवासात हरवला आणि ज्यावरून पुढे एवढे मोठे प्रकरण झाले, तो सोन्याचा नव्हताच. येमेनकडच्या दगडी मण्यांचा होता. आणखी एका प्रवासात हरवलेला हार तर बहिणीकडून मागून आणलेला होता, त्याच्या शोधात काफिला थांबला आणि तयम्मुमची परवानगी आली. साध्या मण्यांचा किंवा मागून आणलेला दागिना घालण्यात त्या घराला कमीपणा वाटला नाही. हे मी भाचीच्या बाजूने सांगितले तेव्हा आपा माझ्याकडे जरा रागानेच पाहत होती.

कारण आपाची भीती खोटी नाही. एक ग्रॅमच्या सेटवर नवरी उभी केली तर मांडवात कुजबुज होते. श्रीरामपूर तसे मोठे नाही. वॉर्ड नंबर दोनमध्ये सकाळी झालेली खरेदी जुहरपर्यंत सगळ्यांना माहीत. पण बेंटेक्स घालणे वेगळे आणि बेंटेक्सला सोने म्हणून सांगणे वेगळे. दुसरे दोन्ही बाजूंनी चालते. मुलाकडचा चढावा सोन्याचा म्हणून मिरवला गेला आणि सहा महिन्यांनी काळा पडला, अशा गोष्टी आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. नकली दागिना उघडपणे नकली म्हणून घालावा, त्यात लाज कसली? नगरला एसटीने जाताना आपण सगळ्याजणी खरे काढून खोटे घालतोच की! रामनवमीच्या यात्रेत किंवा सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत पन्नास-शंभर रुपयांची झुमकी घेताना कुणी कॅरेट विचारत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी. यांतल्या पुष्कळ मालात निकेल असते. माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुलींचे कान दर ईदनंतर चिघळलेले असतात. ज्यांना सोसत नाही त्यांनी निदान कानात तरी चांदीचेच घालावे.

आता जकात. खरेदीच्या वेळी तिचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. साडेसात तोळ्यांपर्यंत माफ, एवढेच सगळ्यांना पाठ असते. त्यात दोन गोंधळ आहेत. पहिला तोळ्याचा. तो तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. म्हणजे साडेसात तोळे झाले 87.48 ग्रॅम. बाजारातला आजचा तोळा दहा ग्रॅमचा, त्या मापाने हे पावणेनऊ तोळे होतात. दुसरा गोंधळ जास्त महत्त्वाचा. साडेसात तोळ्यांचा हिशेब निव्वळ सोने असेल तेव्हाचा. हनफी मताप्रमाणे सोन्याबरोबर थोडी चांदी किंवा शिल्लक रोकड असली की सगळ्यांची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी, साडेबावन्न तोळे म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीशी, ताडून पाहतात. मे महिन्यात ती किंमत साठ हजारांच्या आसपास होती. भाचीच्या पायात चांदीचे पैंजण येणार, म्हणजे दोन तोळे सोन्यावरही चांद्र वर्ष भरताच जकात लागू. अडीच टक्क्यांनी साडेपाच हजारांच्या आसपास. आणि ती तिने द्यायची, कारण दागिना तिचा. नवऱ्याने खुशीने, तिच्या संमतीने दिली तर ठीक, पण जबाबदारी त्याची नाही. कमाई नसलेल्या मुलीच्या गळ्यात आपण भारी हार घालतो तेव्हा दर वर्षीचे हे देणेही घालतो. बेंटेक्सवर, ते विकायला ठेवलेले नसेल तर, काहीच नाही.

माझी एक सहकारी रत्नागिरीकडची आहे. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे बेताच्या, वापरातल्या दागिन्यांवर जकात धरत नाहीत. स्टाफरूममध्ये आमची यावरून दर रमजानला गोड वादावादी होते. दोन्ही बाजूंना मोठे इमाम आहेत, तेव्हा निकाल लावायचा प्रश्नच नाही. पण आम्हा देशावरच्या हनफी घरांत दागिना निवडताना हा आकडा समोर असला पाहिजे, एवढे मी आपाला बजावून सांगितले.

शेवटी बाजारात गेलो तेव्हा मी चार बांगड्या सुचवल्या. सराफ म्हणाला, पाच ग्रॅमची बांगडी रोजच्या वापरात चेपते, घ्यायचीच तर दहाची घ्या. त्याचे म्हणणे खरे होते. मग दहा-दहा ग्रॅमच्या दोन बांगड्या घेतल्या, साध्या, नक्षी नसलेल्या. घडणावळ आठ टक्क्यांवर आली. 2 लाख 4 हजार आणि काही शे. तीन ग्रॅमची कानातली फुले जवळपास 33 हजारांना, ऐंशी ग्रॅमचे पैंजण साडेनऊ हजारांना. उरले तीन हजार. त्यांत भाचीने मेन रोडवरून तीन सेट घेतले, हिरवा, गुलाबी आणि मोत्यांचा, आणि त्या दुकानात ती जितकी रमली तितकी सराफाकडे एक मिनिटही रमली नव्हती. निकाहच्या दिवशी गळ्यात तिने नानीच्या काळ्या पोतीचा लच्छा घातला. त्यात सोन्याचे मणी मोजून सात. सगळ्यांनी त्याचेच कौतुक केले.

आपा अजूनही कधीमधी म्हणते, हार हवा होता. म्हणू दे.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली. निकाहनाम्यात मेहर लिहितात, दागिन्यांचे कुणी लिहीत नाही. मी एका कागदावर यादी केली. नग, वजन, कॅरेट, प्रत्येक नगाचा एचयूआयडी, बिलाचा नंबर, आणि कुणी दिला. मुलाकडच्या चढाव्यापुढे "बक्षीस, परत घेण्याचे नाही" असे त्यांच्याकडूनच लिहून घेतले. चढावा मुलीच्या मालकीचा की नुसता वापरायला दिलेला, यावर रिवाज वेगवेगळे आहेत आणि नंतर भांडण तिथेच होते. घटस्फोट झालाच तर, लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी दिलेली मालमत्ता स्त्रीची, असे 1986च्या मुस्लिम महिला कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. पण काय दिले होते हे दाखवायला कागद लागतो. मुलाचे वडील क्षणभर थांबले. मग त्यांनी चष्मा मागितला, यादी नीट वाचली, फुलांच्या वजनातली माझी एक दशांशाची गफलत दुरुस्त केली आणि सही केली. दोन प्रती काढल्या. एक भाचीकडे आहे, दुसरी माझ्याकडे. बांगड्या तिच्या हातात आहेत.