डब्यातलं झेपलिन

घोटीच्या पावसात कॅसेटला बुरशी लागते. जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपला, पुस्तकांचे पुठ्ठे, कपाटातल्या साड्या यातलं काही सुटत नाही, तिथे चार मिलिमीटरही रुंद नसलेली फीत कुठून सुटणार! आमची भाताची गिरणी होती, त्यामुळे उपाय घरातच होता. पत्र्याच्या डब्यात कोरडा तांदूळ आणि त्यात फडक्यात बांधून पुरलेल्या कॅसेटी. आई वैतागायची. "खायच्या तांदळात हे काय खुपसून ठेवतोस रे? माप घालायला जावं तर हाताला प्लॅस्टिक."

त्यातल्या एका कॅसेटवर बॉलपेनने लिहिलं होतं, 'झेपलिन – बॉम्बे'. नव्वदच्या आसपास मुंबईच्या हॉस्टेलवर खोलीतल्या जोडीदाराने ती उतरवून दिली होती. त्याने दुसऱ्याकडून, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. प्रत्येक नकलेत थोडी खरखर वाढते आणि वरचे बारीक सूर झडत जातात. माझ्यापर्यंत आलं ते जवळजवळ अर्धं गाणं आणि अर्धा पाऊस होता. घरी येताना वॉकमनवर हीच लागायची. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, लागेपर्यंत गाडी थांबते, तेवढ्यात मी बाजू पालटून घ्यायचो.

लेड झेपलिन ही ब्रिटिश रॉक मंडळी १९७२च्या ऑक्टोबरात जपानचा दौरा आटोपून परत निघाली, तेव्हा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट हे दोघे मुंबईत उतरले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात ते वाजवून गेले, हा किस्सा मुंबईचे जुने रॉकवाले अजून सांगतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते स्टुडिओतलं काम. बासरीवादक विजय राघव राव यांच्या मदतीने त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी पुन्हा वाजवून पाहिली. एक १९७०च्या तिसऱ्या अल्बममधलं 'फ्रेंड्स' आणि दुसरं १९७१च्या चौथ्यामधलं 'फोर स्टिक्स'. राव हे रविशंकरांचे शिष्य, फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी माहितीपटांचे संगीतकार. दोन्हीकडची भाषा कळणारा माणूस.

'फोर स्टिक्स' तसं अडचणीचं गाणं. मूळ ध्वनिमुद्रणात ड्रमर जॉन बॉनम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवतो, म्हणून ते नाव. पाच आणि सहा मात्रांच्या हिशेबात ते सारखं आत-बाहेर करतं. आपल्या मापाने बघितलं तर अर्धा झपताल आणि लगेच दादरा. माझ्या कॅसेटवर त्या स्टुडिओतल्या सरावाचे तेच तेच तुकडे पुन्हापुन्हा यायचे. सुरू व्हायचं, थांबायचं, कोणी तरी काही बोलायचं, पुन्हा सुरू. तबला आधी चाचपडतो, मग एका जागी त्याला वाट सापडते आणि व्हायोलिनं त्याच्यामागे धावतात. ती जागा मी इतकी ऐकली की तिथली फीत ताणली गेली.

गावात आमच्या शेजारी एक गुरुजी होते, कुमार गंधर्वांचे वेडे. त्यांच्याकडे खासगी मैफलींच्या कॅसेटी होत्या. रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या तबकड्यांपेक्षा त्यांचा जीव यांच्यावर. मी त्यांना माझी कॅसेट ऐकवली. त्यांनी मान तिरकी करून ऐकली आणि म्हणाले, "गिटार राहू दे. तबलजी कोण आहे?" मला सांगता आलं नाही. पण तंबोरे लागताना, बुवा खाकरताना, एखादी जागा हुकून पुन्हा घेताना ऐकणं हा मराठी रसिकाचा जुना शौक आहे, हे मला त्यांच्याकडे बसूनच कळलं. साहेबाच्या रॉकवाल्यांनी त्याचा फक्त धंदा केला, आणि चांगला केला.

धंद्याचे प्रकारही पुष्कळ. रोलिंग स्टोन्सनी 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' या आपल्या जुन्या अल्बमची नवी आवृत्ती २०१०मध्ये काढली, तेव्हा कपाटात पडलेल्या जुन्या वाद्यसंगीतावर मिक जॅगरने काही गाणी नव्याने गायली. विकायची मात्र जुना ठेवा म्हणून. ऐकायला झकास आहेत, पण मला ते पटत नाही. पेज आणि प्लँट यांनी १९९४मध्ये 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' इजिप्शियन वादकांना सोबत घेऊन पुन्हा केली, म्हणजे मुंबईचं ते खूळ बावीस वर्षांतही डोक्यातून गेलं नव्हतं. ते मला पटलं.

मुंबईचं काम अधिकृतपणे बाहेर आलं २०१५च्या जुलैअखेर, 'कोडा' अल्बमच्या डिलक्स आवृत्तीत. पुतण्याने मोबाइलवर लावून दिलं. खरखर गायब. तबल्याची शाई आणि चाट वेगळी कळते, व्हायोलिनचा गज तारेवर टेकताना ऐकू येतो. इतकी वर्षं मी एका बंद दाराबाहेर बसून ऐकत होतो आणि आता आत घेतलं होतं. दोन्ही गाणी मिळून दहा मिनिटंही भरत नाहीत. थांबणं नाही, बोलणं नाही, चाचपडणं नाही. नेमकी ती वाट सापडण्याची जागा गेली, कारण इथे वाट आधीपासून सापडलेलीच आहे.

आणि गाण्याच्या नावापुढे कंसात एवढंच, 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. यात एकट्या साहेबाला बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या सिनेमांच्या पाट्यांवर तरी कुठे असायची नावं? संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात, आणि गोव्याहून आलेले, नोटेशन एका नजरेत वाचणारे व्हायोलिनवाले, ढोलकीवाले, सतारिये शिफ्ट संपवून लोकलने घरी. यांच्यातलेच कोणी त्या दिवशी पेजसमोर बसले असणार. रीमास्टरिंग पुष्कळ झालं. आता नुसता सराव भरलेली एक तबकडी काढा आणि सोबत व्हायोलिनवर कोण, तबल्यावर कोण एवढं छापा. जाड पुठ्ठ्याचा खोका आणि फोटोंचं पुस्तक नसलं तरी चालेल. मी पैसे मोजायला तयार आहे, आणि गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या मुलाला फोन करून कळवीन.