अकरा पैशांचे जीवनदान

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी बंगालच्या सीमेवरील बनगाव भरून गेले आणि पाठोपाठ पटकीची साथ आली. कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले, तेव्हा रुग्णालयात माणसे जमिनीवर पडलेली होती. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. ते देणारे शिकलेले हातही अपुरे होते.

क्षारमिश्रित पाणी तोंडाने पाजण्याचा उपचार तोवर रुग्णालयांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली यशस्वी झाला होता. छावणीच्या गर्दीत तो नातलगांच्या हाती सोपविणे धोक्याचे होते. डॉक्टरांनी तो धोका पत्करला. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. खर्च अवघा ११ पैसे. कोलकात्यात पुड्या तयार झाल्या, छावणीत पिंपे भरली गेली आणि आया-बहिणी पेल्याने पाणी पाजू लागल्या. उरलेले सलाइन अत्यवस्थ रुग्णांसाठी राखले गेले. छावणीतील तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

तुलनेसाठी कोणालाही या पाण्यावाचून ठेवले गेले नाही. संशोधनाच्या काटेकोर नियमांनुसार ही उणीव ठरते. परंतु समोर तहानलेला जीव असताना पुराव्याच्या पूर्णतेसाठी त्याला वंचित ठेवणे, हा हिशेब कोणत्या वहीत मांडावा? बनगावात तो मांडला गेला नाही, म्हणूनच अनेक घरांतील दिवे तेवत राहिले.