सोळाव्या रस्त्यावरची दंगल

वॉशिंग्टनला जाऊन आलेला मनुष्य बहुधा दोन छायाचित्रे दाखवतो: राष्ट्राध्यक्षांचे पांढरे घर आणि संसदेचा पांढरा घुमट. पण त्या पांढऱ्या घरासमोरच्या बागेपलीकडून एक रस्ता सरळ उत्तरेला निघतो, त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. त्याचे नाव नुसतेच ‘सोळावा रस्ता’. त्याने दोन-अडीच मैल चालत गेले, की न्यूटन रस्त्याच्या कोपऱ्यावर सेंट स्टीफन्स नावाचे जुने चर्च लागते. २०१४ च्या उन्हाळ्यात मी वॉशिंग्टनला गेलो तो या चर्चसाठी. प्रार्थनेसाठी मात्र नव्हे. तेथे हार्डकोर संगीताचा जलसा होता, आणि कॉलेजात असल्यापासून मी त्या संगीताचा भक्त आहे.

हे कसले संगीत, असे तुम्ही विचाराल. एक ड्रम, दोन गिटारी आणि ओरडणारा एक गायक, एवढाच त्याचा संसार. आलाप नाही, ताना नाहीत, विसावा नाही. गाणे सुरू होते आणि आपण सावरून उभे राहतो न राहतो तोच संपते. ‘मायनर थ्रेट’ या इथल्याच चमूचे १९८१ मधले ‘स्ट्रेट एज’ हे गाणे उणेपुरे पाऊण मिनिटाचे आहे. दारू नको, अमली पदार्थ नकोत, डोके ताळ्यावर हवे, एवढेच ते सांगते. पण तेवढ्यावर जगभर हजारो तरुणांनी आपली राहणी ठरवली!

या शहरात हे संगीत रुजले त्याचे श्रेय प्रथम ‘बॅड ब्रेन्स’ला द्यावे लागेल. हे चौघे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझच्या वळणाचे संगीत वाजवीत. मग त्यांनी असा काही वेग धरला, की गावातली शाळकरी पोरे तोंडात बोटे घालून पाहत राहिली. त्या पोरांतल्याच काहींचा ‘टीन आयडल्स’ हा चमू १९८० साली बसने थेट कॅलिफोर्नियाला गेला. तेथल्या क्लबात ती पोरे दारू पिण्याच्या वयाची नव्हती. मालकाने तोड काढली: हातावर काळी फुली मारायची, म्हणजे कुणी त्यांना दारू देणार नाही. पोरांनी ती युक्ती घरी आणली. आत येऊ द्या, हवी तर फुली मारा, असे त्यांनी इथल्या क्लबांना विनवले. पुढे तीच फुली निर्व्यसनीपणाची खूण होऊन बसली. चमू मोडल्यावर गाठीशी साठलेल्या पैशातून त्यांनी स्वतःची तबकडी काढली, आणि त्यातून ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी उभी राहिली.

आता चर्चचे कोडे सुटेल. क्लब चालतो दारूच्या विक्रीवर, आणि अमेरिकेत दारूचे वय एकवीस. मग सोळा वर्षांच्या पोराने गाणे ऐकायचे कुठे? म्हणून ही मंडळी चर्चची दालने भाड्याने घेतात. तेथे दारू नाही, तिकीट स्वस्त, आणि वयाची अट नाही.

भुयारी रेल्वेने मी कोलंबिया हाइट्सला उतरलो. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर उसळलेल्या दंगलीत या वस्तीतली दुकानेच्या दुकाने जळाली होती. मी गेलो तेव्हा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर एल साल्वादोरहून आलेल्या लोकांच्या खाणावळी होत्या, आणि मक्याच्या भरल्या भाकरीचा खमंग वास रस्ताभर दरवळत होता.

दाराशी टेबल टाकून एक मुलगी पैसे घेत होती. माझे पिकलेले केस पाहून तिने अदबीने विचारले, “मुलाला सोडायला आलात का?”

“नाही, ऐकायला आलो आहे.”

ती हसली आणि माझ्या हातावर तिने ठळक फुली ओढली. इथे ती सगळ्यांनाच होती.

आत पंखे असूनही घामाचा दर्प कोंदला होता. व्यासपीठ वीतभर उंचीचे; गायक आणि श्रोता यांच्यात अंतर असे नाहीच. पहिला ठोका पडला आणि समोरची गर्दी फुटली. मध्ये रिकामे वर्तुळ झाले आणि पोरे त्यात गरगर फिरत एकमेकांवर आदळू लागली. बाहेरून पाहणाऱ्याला ही मारामारीच वाटावी. मी कडेला उभा राहायचे ठरवले होते, पण भक्ताचे पाय ऐकतात थोडेच! तिसऱ्या गाण्याला मी आत होतो, आणि चौथ्याला जमिनीवर.

खाली पडलो तेव्हा पोटात गोळा आला. वर पन्नास जोडे नाचत होते. पण क्षणभरच. दोन बाजूंनी चार हात आले, काखेत घालून त्यांनी मला उभे केले, आणि एका पोराने माझा चष्मा डोक्यावर उंच धरून “कुणाचा?” अशी आरोळी ठोकली. पडलेल्याला आधी उचलायचे, हा या रिंगणाचा अलिखित कायदा आहे.

तो आपोआप आलेला नाही. सुरुवातीच्या वर्षांत या जलशांतून खरीखुरी डोकी फुटत. मुली हळूहळू मागच्या भिंतीला लागल्या, मग यायच्याच बंद झाल्या. १९८५ च्या उन्हाळ्यात इथल्याच काही तरुणांनी ठरवले, की हे पुरे. त्यांनी नवे चमू काढले, आणि वर्णभेदाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीबाहेर ढोल बडवले. पुढे १९८७ ते २००२ या काळात ‘फुगाझी’ने हजारावर जलसे केले, तिकीट शक्यतो पाच डॉलर. कुणी दांडगाई केली, तर गाणे थांबवून त्याला समज देत, आणि तरीही ऐकले नाही तर पाच डॉलर हातावर ठेवून बाहेरची वाट दाखवत. त्यासाठी पैसे घातलेली पाकिटे ते तयारच ठेवत!

त्या रात्री हे मी डोळ्यांनी पाहिले. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी पडली आणि एक धटिंगण तिच्या अंगावरून गेला. गायकाने हात वर केला; गाणे अर्ध्यावर तुटले. “ती उठेपर्यंत आम्ही वाजवणार नाही,” तो म्हणाला. सगळे दालन चिडीचूप झाले. मुलगी उठली, तिने कोपराचे रक्त पुसले, आणि पुन्हा वर्तुळाच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. बाहेर गेला तो धटिंगण. मग जो गलका झाला, त्यात माझाही आवाज होता.

मला वाटते, आईबापांनी घाबरावे असे या संगीतात पुष्कळ दिसते, पण थोडेच असते. आपल्या पोरांना धसमुसळेपणा हवाच असतो. प्रश्न एवढाच, की तो कुठे करायचा आणि पडल्यावर उचलणारे कोण. या पोरांनी त्याचे उत्तर वडीलधाऱ्यांची वाट न पाहता स्वतःच शोधले.

त्यांची हस्तपत्रके, तबकड्या आणि छायाचित्रे २०१४ पासून वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जपून ठेवायला घेतली. त्या पोरांना नुसता गोंगाट म्हणणाऱ्यांनी ती अवश्य चाळावीत. आणि प्रत्यक्ष जलशाला जाणार असाल, तर कानांत बोळे घाला, बुटांच्या नाड्या घट्ट बांधा, आणि जवळ कुणी पडले तर आधी त्याला हात द्या.