आईचा तीनचा शो

स्टँडमागचं आपलं थिएटर पाडायला घेतलंय, हे आता सगळ्या गावाला माहीत आहे. पत्रे उतरवले, खुर्च्या भंगारात गेल्या, पडद्यामागची भिंत तेवढी अजून उभी आहे. गेले आठ दिवस गावातल्या प्रत्येक ग्रुपवर तेच फोटो फिरतायत आणि खाली आठवणी. कोणी ‘शोले’ किती वेळा पाहिला, कोणी कॉलेज बुडवून काय काय पाहिलं, ब्लॅकची तिकिटं कुठल्या टपरीवर मिळायची. बातमी मीही केली. सगळ्या कमेंट वाचत बसलो तर लक्षात आलं, लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष आहेत. म्हणून आजची पोस्ट माझ्या आईबद्दल. तिला विचारून लिहितोय. "बाल्कनीत बसायचो असं लिही, खालचं लिहू नको," एवढी एकच तिची अट आहे. पाळतो.

आईचं लग्न १९७४चं. त्यानंतर वर्षभराने ‘जय संतोषी माँ’ आला. तेव्हा पिक्चरच्या प्रिंट मोजक्या असायच्या. आधी मोठ्या शहरांत चालायचा, मग जिल्ह्याला, आणि आपल्यासारख्या तालुक्याला यायला कित्येक महिने जायचे. रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या. तर तो पिक्चर आला तेव्हा माझी आजी स्वतः सुनेला घेऊन गेली. आजीने चपला दाराबाहेर काढल्या होत्या आणि पडद्यावर देवी आली की हात जोडत होती. तेव्हा देशभर ठिकठिकाणी बायका असंच करत होत्या, पडद्याकडे फुलं-पैसे टाकत होत्या. आईला मात्र त्या दिवशी वेगळाच साक्षात्कार झाला. पिक्चर देवाचा असला की सासू नाही म्हणत नाही! पुढची बरीच वर्षं आमच्या गावात फार देवाचे पिक्चर लागले. दादा कोंडक्यांचाही एक त्यात खपवला होता, असं ती आता मोकळेपणाने सांगते.

घर तीन खोल्यांचं, माणसं नऊ. वडील अडत दुकानात हिशेब लिहायला. आई घरी ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावून द्यायची. त्यातले सुटे पैसे ती मशीनच्या खणात टाकायची आणि पिक्चरला जायची ते त्या पैशांवर. वडिलांकडे तिकिटाला पैसे मागितल्याचं मला एकदाही आठवत नाही. शो ठरलेला, दुपारी तीनचा. बाराच्या शोला स्वयंपाक अडवतो, सहाच्या शोला दिवाबत्ती. तीनला निघालं की साडेसहाला परत, चहाला थोडा उशीर, एवढंच.

नव्या वाचकांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. आपल्या थिएटरात बायकांची तिकीट खिडकी वेगळी होती आणि बसायची जागाही वेगळी, मध्ये लाकडी कठडा. बायकांच्या खिडकीवर रांग छोटी. त्यामुळे बाहेर पुरुष घोळका करून उभे असत, "मावशी, दोन तिकिटं काढून द्या की." आई फक्त ओळखीच्यांना काढून द्यायची, तेही "बायकोला कधी आणणार?" असं विचारून. आम्ही पोरं तिच्या पदराला. ती दाराजवळची खुर्ची धरायची, कारण धाकटी बहीण रडली की उठून दाराशी उभं राहता यायचं. दाराशी अशा चार-पाच बायका कायम उभ्या असत, कडेवर पोर, डोळे पडद्यावर. डोअरकीपर टॉर्च मारायचा, पण बाहेर कधी काढायचा नाही.

आई पिक्चर नुसता पाहत नव्हती, त्यातून धंदाही करायची. ‘हम आपके हैं कौन’ १९९४चा. माधुरीच्या जांभळ्या साडीवरच्या त्या ब्लाऊजने गावोगावच्या शिंप्यांना काम दिलं. आमच्या गल्लीत तशी उघडी पाठ घालून फिरायची कोणाची छाती नव्हती. मग आईने मधला मार्ग काढला. पाठीचा गळा दोन बोटं खोल, खाली गोंडे, आणि पदर घेतला की काही दिसणार नाही. त्या लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू असायची. एकदा डिझाईन नीट दिसलं नाही म्हणून ती त्याच आठवड्यात पुन्हा गेली. वडील म्हणाले, "परत?" आई म्हणाली, "माप घ्यायला चाललेय."

पण सगळ्यात मोठी आठवण ‘माहेरची साडी’ची. १९९१ साल. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. आसपासच्या खेड्यांतून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या होत्या, भाकरी बांधून. तीनच्या शोची गर्दी बारापासून स्टँडपर्यंत. आतमध्ये मध्यंतरानंतर जे रडणं सुरू झालं ते मी तरी पुन्हा कधी ऐकलं नाही. अलका कुबल पडद्यावर रडत होत्या त्याहून जास्त लोक खाली रडत होते. मला भीती वाटली. आईने तो पिक्चर तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा आत्या हसून म्हणाली, "वहिनी, पैसे देऊन रडायला कशाला जाता?" आई पिना लावत होती. मान वर न करता म्हणाली, "रडायला घरात जागा कुठाय?"

आत्या गप्प झाली. मला त्याचा अर्थ कळायला पुढं संसार करावा लागला. नऊ माणसांच्या घरात बाईला एकटं बसायला कोपरा नव्हता. देवळात जावं तर शेजारीण भेटते, लग्नात जावं तर काम लागतं, माहेरी जावं तर चौकशा. थिएटरच्या अंधारात तिला तीन तास कोणी हाक मारत नव्हतं. गावातली अशी दुसरी जागा मला आजही दाखवता येत नाही. पुरुषांना कट्टा आहे, पानटपरी आहे, चहाची हॉटेलं आहेत, पार आहे. बायकांनी विनाकारण जाऊन बसावं असं काय आहे आपल्या गावात? कमेंटमध्ये सांगा, मी खरंच विचारतोय.

आता जे मला पटत नाही ते. "मोबाईलने थिएटर मारलं", "ओटीटीने मारलं" असं सगळे लिहितायत. निदान आपल्या गावापुरतं हे अर्धवट आहे. मोबाईल यायच्या कितीतरी आधी बायका यायच्या बंद झाल्या होत्या. केबल आली, गर्दी घटली, हे खरं. पण घटलेली गर्दी भरायला दुपारच्या शोला कसले पिक्चर लागू लागले, ते माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. तीनचा शो गेला. पोस्टरसमोरून जाताना बायका पदर पुढे ओढायच्या. लेडीजचा कठडा काढला, पंखे बंद पडले, आणि बायकांच्या संडासाला कडी नव्हती. आई सांगते, पिक्चरला जायचं असेल तर सकाळपासून पाणी प्यायची नाही. मालकांवर सगळं ढकलायचं नाही मला. तिकीट ३० रुपये आणि खुर्च्या रिकाम्या, तर दुरुस्ती कशातून करणार, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. पण अर्ध्या गावाला घरी बसवून थिएटर किती वर्षं चालणार होतं?

मध्ये एकदा ते पुन्हा जिवंत झालं. २०१६, ‘सैराट’. आई साठीला आलेली. किती वर्षांनी गेली असेल कोण जाणे, पण शेजारच्या काकूंना घेऊन गेली. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक पायऱ्यांवर बसले होते. शेवट झाल्यावर बाहेर पडताना कोणी बोलत नव्हतं, ती शांतता मी गेटवर उभा राहून पाहिलीय. आई रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना एवढंच म्हणाली, "ट्रॅक्टर चालवायची पोरगी." नंतर मार्च २०२० मध्ये कोरोनात सगळीच थिएटर बंद झाली. राज्यातली बाकीची २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली. आपलं झालं नाही.

घरी आता ४३ इंची टीव्ही आहे, मीच आणला. सगळे म्हणतात, आईला घरबसल्या पिक्चर. तिचा घरबसल्या पिक्चर कसा असतो ते मी पाहतो. पंधरा मिनिटं होतात तोवर दूध उतू जातं. मग बेल. मग कुरिअरवाला. मग नातू येऊन क्रिकेट लावतो. गेल्या दिवाळीपासून एक पिक्चर ती पाहतेय, अजून संपलेला नाही.

२०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला राज्यभर बायका घोळक्याने गेल्या, तेव्हा तिच्या भजनी मंडळाच्या १४ जणींनी वर्गणी काढून क्रूझर ठरवली. जिल्ह्याचं ठिकाण ४८ किलोमीटर. सगळ्यांच्या साड्या ठरवून एका रंगाच्या. दारावर पिशव्या तपासल्या आणि धपाट्यांचे डबे काढून ठेवायला लावले. थिएटरवाल्यांना बाहेरचं खाणं अडवता येतं, हे सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी जानेवारीत सांगितलंय. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं लागतं, हेही त्याच निकालात आहे, लक्षात ठेवा. डबे गेले त्याचा राग बायकांना इंटरव्हलपर्यंत होता. परत आल्यावर आईला मी विचारलं, कसा होता पिक्चर? तर आधी सांगितलं, "संडास इतका स्वच्छ होता की मी दोनदा जाऊन आले."

त्यानंतर तिला पुन्हा जायचंय. दर वेळी क्रूझर परवडत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याची अडचण नाही. अडचण गाडीची आहे. दुपारचा शो पाहून स्टँडवर पोहोचावं, तर आपल्याकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते. सकाळचा पहिला शो गाठायला पहाटेची गाडी, म्हणजे घरातला स्वयंपाक कोणी करायचा हा प्रश्न पन्नास वर्षांनी परत तिथेच! (आम्ही करतो म्हणतो. ती ऐकत नाही.)

थिएटरच्या जागेवर गाळे होणार आहेत. खासगी जागा आहे, त्यावर मी काय बोलणार. पण नगरपरिषदेचं नाट्यगृह आहे की. शाळांची गॅदरिंग आणि नेत्यांचे वाढदिवस सोडले तर वर्षभर कुलूप. पडदा आहे, खुर्च्या बऱ्या आहेत, बायकांचा वेगळा संडास आहे, फक्त पाणी सोडायला लागेल. आता पिक्चर दाखवायला रिळांच्या पेट्या लागत नाहीत. कलेक्टर ऑफिसातून सिनेमाचा परवाना घ्यावा लागेल, आगीचे नियम पाळावे लागतील, ते पाळायलाच हवेत. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्क्यांवर आलाय. आठवड्यातून एक दुपार, एक मराठी पिक्चर, ६० रुपये तिकीट. तोटा होईल म्हणणाऱ्यांनी त्या नाट्यगृहाचं बंद असतानाचं वीजबिल आणि वॉचमनचा पगार किती, ते आधी विचारावं. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, उत्तर आलं की इथेच लिहीन.

सोमवारी सकाळी ११ वाजता मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायला जातोय. येताना एकटे येऊ नका, घरातल्या बायकांना घेऊन या. निवेदन टाईप केलंय, सह्या सुरू आहेत. पहिली सही आईची. अक्षर थोडं थरथरतं, पण मजकूर तिने दोनदा वाचला आणि मी "आठवड्यातून एक शो" लिहिलं होतं तिथे पेनाने वर लिहून ठेवलंय: "तीनचा."