वेष्टनातील विवेक

जैन समाजाला 'वेष्टन' हा शब्द नवा नाही. मंदिरांतील शास्त्रभांडारांत हस्तलिखिते सुती वस्त्रात बांधून ठेवलेली असतात. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, अनेक ठिकाणी ती बाहेर काढली जातात, त्यांवरील धूळ झटकली जाते आणि स्वच्छ वेष्टनात ती पुन्हा बांधली जातात. ग्रंथ बांधायचा तो कायमचा मिटवण्यासाठी नव्हे, तर पुन्हा सुखरूप उघडता यावा म्हणून. घरातील साध्या वस्तूंनाही हाच विचार लागू पडतो. चहा-दुधाचा मग भेट देण्यासाठी किंवा माळ्यावर ठेवण्यासाठी गुंडाळणे हे काम तसे क्षुल्लक. परंतु त्यात गृहस्थाचा यत्नाचारही दिसतो आणि त्याची आसक्तीही.

मुनींच्या पाच समितींपैकी चौथी आदाननिक्षेपण समिती. कमंडलू किंवा शास्त्र उचलताना व ठेवताना आधी नीट पाहावे, पिंछीने जागा हलकेच परिमार्जित करावी, असा तिचा आचार आहे. श्रावकाला ती पूर्णत्वाने पाळता येत नाही. तरी तिचा अंश स्वयंपाकघरात नक्कीच उतरू शकतो. माळ्यावर पडून राहिलेल्या मगात कोळ्याने जाळे विणलेले असते, कधी मुंग्यांनी आसरा घेतलेला असतो. तो तसाच गुंडाळला, तर आतील जीव कोंडून मरतो. म्हणून पहिले काम पाहण्याचे. आतील जीव मऊ कुंचल्याने अलगद बाहेर सोडावा आणि त्यानंतरच मग धुवावा.

धुतलेला मग निथळला की निदान एक दिवस मोकळ्या हवेत वाळू द्यावा. त्याच्या बुडाची कड बहुधा चकाकीविना, खरबरीत असते आणि ती ओल धरते. ओल राहिलेला मग पावसाळ्याच्या तोंडावर कागदात बांधला, की त्याला कुबट वास येतो, कागदाला बुरशी आणि कसर लागते. कीड झाल्यावर डांबराच्या गोळ्या ठेवून ती मारण्यापेक्षा ती होणारच नाही अशी व्यवस्था करणे, हाच अहिंसेचा मार्ग होय.

गुंडाळण्याची रीत सोपी आहे. मगाचा सर्वांत नाजूक अवयव म्हणजे त्याचा कान. म्हणून प्रथम कागदाची सैल गुंडाळी कानाच्या पोकळीत बसवावी आणि मगाच्या पोटात चुरगळलेला कागद हलक्या हाताने भरावा. पुढे मोठा कागद पसरून त्याच्या एका कोपऱ्यावर मग आडवा ठेवावा व समोरच्या कोपऱ्याकडे गुंडाळत न्यावा. बाजूचे कोपरे आत दुमडावेत. कानाभोवती आणखी एक थर द्यावा. खोक्याच्या तळाशी जाड गादी करून मग उभे ठेवावेत, एकात एक घालू नयेत. मधे पुठ्ठा घालावा आणि मोकळी जागा भरून काढावी. खोके बंद करण्यापूर्वी हलकेच हलवून पाहावे. किणकिण ऐकू आली, तर भरणे अपुरे आहे असे समजावे. कागदाऐवजी जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे वापरले तर अधिकच उत्तम. ते पुन्हा धुऊन वापरता येतात आणि वर्तमानपत्राच्या शाईचे डागही पडत नाहीत. छापील कागद वापरायचाच असेल, तर त्यावर जिनप्रतिमेचे छायाचित्र किंवा णमोकार मंत्र नाही ना, हे पाहून घ्यावे. अविनय असा नकळतच घडत असतो.

भेट म्हणून मग द्यायचा असेल, तर वेष्टनाआधी वस्तूचाच विचार करावा लागतो. 'बोन चायना' या नावातच हाड आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रुळलेल्या या प्रकाराच्या पारंपरिक मिश्रणात जवळपास निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो. वरून कितीही सुंदर कागद लावला, तरी अशी वस्तू अहिंसाप्रेमी घरी देणे विसंगत ठरते. मगाच्या बुडावरील अक्षरे वाचावीत आणि साध्या चिनी मातीचा, काचेचा किंवा स्टीलचा मग निवडावा. ज्या मगावर तीर्थंकरांचे चित्र छापलेले आहे, तो श्रद्धेपोटी भेट दिला जातो खरा. पण तो ओठांना लागणार, उष्टा होणार, खरकट्यात पडणार. प्रभावनेसाठी वस्तू निवडणाऱ्या मंडळींनी एवढे अवश्य ध्यानी घ्यावे.

उरतो प्रश्न जपून ठेवण्याचा, आणि तोच सर्वांत अवघड. सांगलीकडील एका घरात आजोबांच्या निधनानंतर त्यांचा निळ्या काठाचा मग आजींनी त्यांच्याच जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात बांधून कपाटात ठेवला होता. सूर्यास्तापूर्वी ते त्यातूनच दूध घेत. पाच वर्षे तो मग कोणी वापरला नाही. वर्षातून एकदा आजी गाठ सोडत, मग पुसत आणि पुन्हा बांधत. नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या नातीने सामान बांधताना भीत भीत विचारले, "आजी, आबांचा मग मी नेऊ का? फुटणार नाही, नीट सांभाळीन." आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांनी पुडके मांडीवर घेतले आणि त्यावरून हात फिरवला. अखेर म्हणाल्या, "ने. पण सांभाळायला नको नेऊस, दूध प्यायला ने. आणि फुटला तर रडत बसू नकोस." तो मग त्यांनी स्वतःच त्याच धोतराच्या तुकड्यात बांधला, कानाभोवती एक घडी अधिक घातली आणि नातीच्या कपड्यांच्या मधोमध ठेवला.

तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तूंची संख्या मोजलेली नाही, मूर्च्छेवर, म्हणजे ममत्वावर बोट ठेवले आहे. त्या अर्थाने माळ्यावरील पन्नास मग जितके परिग्रह ठरतात, तितकाच कपाटातील एकुलता एक मगही ठरू शकतो. आजींनी आठवण टाकून दिली नाही, मूर्च्छा तेवढी सैल केली. आणि हे करताना वस्तूविषयीची काळजी तसूभरही कमी होऊ दिली नाही. ममत्व सोडणे म्हणजे हेळसांड करणे नव्हे.

प्रत्येक घराच्या माळ्यावर लग्ना-मुंजीत, वास्तुशांतीत, सत्कारात मिळालेले मग वर्षानुवर्षे वेष्टनातच पडून असतात. चातुर्मासापूर्वीच्या साफसफाईत ती खोकी एकदा खाली उतरवावीत. जे वापरायचे ते फडताळात मांडावेत, उरलेले पाठशाळेला, वसतिगृहाला किंवा नव्याने संसार थाटणाऱ्याला द्यावेत. देतानाही ते स्वच्छ धुऊन, कोरडे करून, कान जपून बांधावेत. नको असलेली वस्तूसुद्धा जो माणूस काळजीपूर्वक बांधून देतो, त्याच्या दानात घेणाऱ्याविषयीचा आदर असतो.