दुसरं काही घेता का?

वनौषधी बाधत नाही, ही माझी समजूत इतकी जुनी होती की ती तपासून पाहावी असं कधी मनातच आलं नाही. म्युनिकला आल्यावर तिला अभिमानाची जोड मिळाली. अपोथेकेत, म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानात, अश्वगंधेचं नाव काढलं की तिथल्या फार्मासिस्ट बाईंच्या कपाळाला आठी पडायची. यांना आपलं काही पटतच नाही, असं मी मनातल्या मनात म्हणायचे.

थायरॉइडची गोळी मी रोज सकाळी उपाशीपोटी घेते. कामात लक्ष लागेना म्हणून आईने पुण्याहून पाठवलेल्या अश्वगंधेच्या कॅप्सूलही सुरू केल्या. पुढे छातीत धडधडायला लागलं, झोप उडाली. रक्त तपासलं तर टीएसएच पार खाली गेलेला, म्हणजे शरीरात थायरॉइडचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त. "दुसरं काही घेता का?" डॉक्टरांनी विचारलं. मी लगेच "नाही" म्हटलं. त्या उत्तरावर विसंबून त्यांनी गोळीचा डोस कमी केला.

खोटं बोलायचं मनात नव्हतं. ती कॅप्सूल माझ्या लेखी औषधात मोडतच नव्हती. मग मी ती घेत कशासाठी होते? डोकं तल्लख राहावं म्हणूनच ना? गुण हवा तेव्हा ते औषध, आणि डॉक्टरांना सांगायची वेळ आली की नुसता झाडपाला! ही लबाडी मी स्वतःशीच केली होती.

नवी गोळी घ्यायला गेले तेव्हा त्या फार्मासिस्ट बाईंनी तोच प्रश्न केला. या वेळी मी खरं सांगितलं, पण फणकाऱ्याने: तुमचा आमच्या वनस्पतींवर विश्वासच नाही. त्यांनी वाद घातला नाही. खणातून योहानिसक्राउटचं खोकं काढलं. ही पिवळ्या फुलांची त्यांची स्वतःची वनस्पती, उदास मनावर इथे पिढ्यानपिढ्या वापरलेली. आतला कागद उलगडत गेला आणि काउंटरभर पसरला. बारीक अक्षरांत कशाकशाबरोबर घेऊ नये ते लिहिलेलं: गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं फेनप्रोकुमॉन, अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन. ही वनस्पती यकृतातल्या एन्झाइमांचं काम वाढवते, त्यामुळे ती औषधं शरीरातून भराभर निघून जातात. हृदयरोपण झालेल्या दोघांच्या शरीराने हिच्यामुळे नवं हृदय नाकारायला सुरुवात केली होती; झुरिकच्या डॉक्टरांनी २००० साली ते प्रसिद्ध केलं.

मी तो कागद वाचत उभी राहिले. मागे रांग होती, बाईंनी घाई केली नाही. स्वतःच्या वनस्पतीलाही हे लोक इतक्या धाकात ठेवतात, कारण तिच्यात ताकद आहे हे त्यांना मान्य आहे. अश्वगंधेचा अभिमान मिरवणाऱ्या मला मात्र तिची ताकद जमेत धरावीशी वाटली नव्हती. ती थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. जर्मन सरकारच्या बीएफआर या संस्थेने २०२४ मध्ये तसा इशारा दिला. पण इथे ती अन्नपूरक म्हणून विकली जाते, त्यामुळे डबीत असा कागद नसतो.

कॅप्सूल बंद केली, डॉक्टरांना सगळं सांगितलं. टीएसएच सावरला, जुना डोस परत आला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, वैद्य तरी नाडी न बघता, पथ्य न सांगता औषध देतात का?"

बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. स्मरणशक्तीसाठी त्यांना गिंको, हीही वनौषधीच, मीच इथून पाठवला होता, हौसेने. गिंकोने रक्तस्राव वाढू शकतो, असं त्याच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद मी तेव्हा उघडलाही नव्हता. काल त्याचा फोटो बाबांच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर येईपर्यंत डबी आईने कपाटात ठेवून दिली आहे.