आईमातेचा चढ

बिबवेवाडीत राहणाऱ्या माणसाला आपला पत्ता एका दमात सांगता येत नाही. नुसते ‘इंदिरानगर’ म्हणून भागत नाही. ‘लोअर, अप्पर की सुपर?’ असे रिक्षावाला विचारतोच. आगगाडीच्या डब्यातही लोअर आणि अप्पर असतात. सुपर हा मजला मात्र आमच्याकडेच. बाहेरगावच्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. पण या नावांत आमच्या वस्तीचा सारा भूगोल आला आहे. मार्केट यार्डाकडून दक्षिणेला निघालात की जमीन हळूहळू डोंगराच्या दिशेने चढू लागते, आणि पायांना कळण्याच्या आत ते गाडीला कळते.

या चढांतला सर्वांत मानी चढ म्हणजे गंगाधाम चौकातून आईमाता मंदिराकडे जाणारा. वरून उतरणाऱ्या अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन तेथे अपघात झालेले आहेत, त्यामुळे आमच्या भागातली माणसे त्या उताराचे नाव जपूनच घेतात. चढाचे कोणी काही बोलत नाही. मलाही गेल्या भाऊबीजेपर्यंत बोलण्याचे कारण पडले नव्हते.

माझी थोरली बहीण चढाच्या पलीकडे, कोंढव्याच्या अंगाला राहते. वय एक्याऐंशी, मधुमेह जुना, आणि हट्ट त्याहून जुना. भाऊबीजेला मला ओवाळल्याशिवाय ती घास घेत नाही. डॉक्टरांनी सांगून पाहिले, सुनेने सांगून पाहिले. तेव्हा मी वेळेवर पोहोचणे हाच त्यावर उपाय उरला. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्लच दाबणे जड जाऊ लागले. म्हणून निवृत्तीच्या पैशांतून दोन क्लचची स्वयंचलित गाडी घेतली. तिचे नाव सांगत नाही; दोष तिचा नव्हता, हे पुढे येईलच.

दोन क्लच म्हटल्यावर पायाखाली दोन पेडल असणार, अशी आमच्या सौ.ची समजूत झाली होती. तसे नाही. पायाखाली क्लच मुळीच नसतो. दोन्ही क्लच गिअरपेटीपाशी, आणि त्यांचा कारभार यंत्राकडे. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. जुन्या घरांत एका उखळाशी दोघी समोरासमोर आळीपाळीने मुसळ घालीत. एकीचे खाली येते तेव्हा दुसरीचे वर उचललेले तयारच असते. तसेच हे. गाडी पहिल्यात धावत असते तेव्हा दुसरा गिअर आधीच पडून राहिलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि मधल्या बदलाचा धक्का लागत नाही.

कल्पना आजची नव्हे. आदॉल्फ केग्रेस हा फ्रेंच अभियंता तरुणपणी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळीत असे आणि बर्फात चालाव्यात म्हणून त्याने त्या मोटारींना मागे पट्टे बसवले होते. त्यानेच १९३९ साली दोन क्लचची गिअरपेटी योजली. युद्ध आले, १९४३ साली तो वारला, आणि ती योजना तशीच राहिली. १९८० नंतरच्या दशकात पोर्शने ती शर्यतीच्या गाड्यांत आणली. २००३ साली फोक्सवॅगनने गोल्फमध्ये बसवून बाजारात विकली. आपल्या चाकणच्या कारखान्यात तेव्हा तयार होत असलेल्या पोलोलाही २०१३ साली अशी पेटी मिळाली. म्हणजे झारच्या बर्फातून निघालेला हा माणूस अखेर पुणे जिल्ह्यात पोहोचला म्हणायचा. त्याला गंगाधाम चौक ठाऊक नव्हता, एवढेच.

भाऊबीजेच्या दिवशी साडेदहाला निघालो. मार्केट यार्डाभोवती दिवाळीची गर्दी होती. चौक पार करायलाच वीस मिनिटे गेली. पुढे चढावर रांग. पुढची गाडी हातभर सरकली की मी हातभर सरकत होतो. थांबलो की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर धरून ठेवत होतो. चाळीस वर्षांची सवय! पूर्वी हाफ क्लचवर गाडी अशीच तोलून धरता आली की आपल्याला ड्रायव्हिंग येते असे मानीत. अर्ध्या चढावर गाडी थरथरू लागली. मला वाटले रस्ता खराब आहे. मग जळका वास आला, आणि समोर अक्षरे उमटली : गिअरपेटी तापली आहे, सुरक्षित जागी थांबा. थांबायला सुरक्षित जागाच नव्हती. डावीकडे कशीबशी गाडी घेतली. मागचे हॉर्न, स्कूटरवाल्यांचे सल्ले, आणि दर दहा मिनिटांनी ताईचा फोन. “अरे, ये सावकाश. मला काही भूक नाही,” असे ती म्हणे. तिसऱ्या फोनला तिचा आवाज पडलेला होता.

मी पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ताई पलंगावर आडवी होती. साखर उतरून घेरी आली होती, आणि सुनेने जबरदस्तीने चमचाभर साखर तोंडात घातली होती. ताटातले निरांजन दोनदा विझून तिसऱ्यांदा लावले. तिने बसूनच ओवाळले. त्या रात्री मुलाने ठरवून टाकले : गाडी विकायची, पुढच्या वर्षी बाबांनी भाड्याच्या गाडीने जायचे. मला उत्तर सुचले नाही.

उत्तर मिळाले ते बिबवेवाडीतल्याच एका छोट्या गॅरेजात. मिस्त्रीने गाडी फिरवून पाहिली आणि मला शेजारी बसवून म्हणाला, “काका, गाडी ठीक आहे. तुम्ही तिला दिवसभर हाफ क्लचवर उभी करता.”

“पण मला क्लचच नाही!”

“तुम्हाला नाही, तिला आहे ना. पूर्वी पाय भरून यायचा तुमचा, म्हणून तुम्ही सोडायचात. आता दुखतंय तिला, तुम्हाला कळत नाही.”

मग त्याने जे समजावले ते मला कोणत्याही माहितीपत्रकात इतके स्वच्छ वाचायला मिळाले नव्हते. इंजिनाला एका ठराविक गतीखाली फिरता येत नाही. पहिल्या गिअरात क्लच पूर्ण धरला, तर गाडी साधारण माणसाच्या भराभर चालीने तरी पुढे जाणारच. त्याहून हळू जायचे असेल तर क्लचने घसरत राहायचे. घसरण म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे ताप. चढावर भार अधिक, म्हणून ताप अधिक. काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडलेले असतात, तेल उष्णता वाहून नेते. टाटांनी २०२२ साली अल्ट्रोझमध्ये असेच ओले क्लच दिले. माझे कोरडे. त्यांना वाऱ्याचाच आधार, आणि रांगेत वारा कुठला? म्हणूनच हीच गाडी कात्रजचा घाट हसतखेळत चढते : गती असते, क्लच पूर्ण धरलेला असतो. साऱ्या जगाला कात्रजचा घाट दाखवणाऱ्या आम्हा पुणेकरांना गंगाधामच्या रांगेने घाट दाखवावा, हा न्याय काही वाईट नाही.

मिस्त्रीची शिकवण अशी : हातभर सरकू नका. ब्रेक पुरता दाबून उभे राहा; ब्रेक दाबला की क्लच सुटतो आणि विसावतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून एकदाच, न चाचरता, तेवढे अंतर कापा आणि पुन्हा उभे राहा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी कधी तोलायची नाही. त्यासाठी ब्रेक आहे. पहिला-दुसरा-पहिला अशी ओढाताण होत असेल तर हाताने पहिलाच गिअर धरून ठेवा, म्हणजे दोन्ही क्लच झिजत नाहीत. आणि तापलीच, तर सपाट जागी ‘पी’मध्ये टाकून इंजिन चालू ठेवून थांबा. माझ्या गाडीच्या पुस्तकात तसेच लिहिलेले निघाले. दुसऱ्या गाड्यांच्या धन्यांनी आपापली पुस्तके पाहावीत. मी पाहिले ते दोन वर्षांनी, प्लॅस्टिक फाडून! सोसायटीच्या चढणीवर मागे-पुढे करीत बोटबोट गाडी लावणे हाही तोच गुन्हा, असे तो जाता जाता म्हणाला. तो गुन्हा मी रोज करीत होतो.

ऐकायला सोपे. पण पुण्यात गाडीपुढे मोकळी जागा सोडणे म्हणजे दारात पान मांडून ‘या, बसा’ म्हणणे. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीत जगातल्या मंद शहरांत पुणे चौथे आले होते. दहा किलोमीटरला तेहेतीस मिनिटे. अशा शहरात मी चौकात दोन गाड्यांची जागा सोडून उभा राहिलो की मागचा हॉर्न वाजवी, आणि जागेत आधी स्कूटर, मग रिक्षा, मग नाक घुसवणारा टेम्पो. पहिल्या आठवड्यात मी रागावत असे. पुढे लक्षात आले, की शिरलेली स्कूटर थांबत नाही. ती पुढच्या फटीत निघून जाते आणि जागा पुन्हा माझीच राहते. ज्याच्या पुढे मी घुसू दिले नसते, तो टेम्पोसुद्धा पुढच्या सिग्नलला माझ्या शेजारीच उभा असे. महिनाभर पहाटे आणि मग मुद्दाम संध्याकाळी सहाला मी त्या चढावर जात राहिलो. मुलगा पहिल्यांदा शेजारी बसला तेव्हा उजवा पाय उगाच दाबीत होता. परतताना मोबाईल पाहत होता.

नारळी पौर्णिमेला पाऊस होता. चढावर रांग तशीच. मी थांबलो, जागा होऊ दिली, गेलो, थांबलो. थरथर नाही, वास नाही. मागच्या रिक्षावाल्याने एकदा डोके बाहेर काढून “आजोबा, झोप लागली का?” असे विचारले, आणि लगेच त्याची रिक्षा माझ्या सोडलेल्या जागेतून पुढे गेली. ताईच्या दारात पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. राखी बांधताना तिने माझ्याकडे न पाहताच विचारले, “गाडी विकली नाहीस ना?”

यंदाच्या भाऊबीजेला मुलगा म्हणतो आहे, मीही येतो. ताईने फोनवर सांगितले आहे, की दोघे या, पण गाडी तूच चालव. हा मुलगा घाईचा आहे.